लोटन भोयाचा कोरडा पोशाख

लोटन भोयाच्या ओसरीत एक बिनमुंडक्याचा माणूस टांगलेला असे. नवखा पाहुणा त्याला पाहून दचकायचाच. ताडपत्रीसारख्या जाड कापडाचा, तळपायापासून गळ्यापर्यंत एकसंध, दोन्ही हात खाली सोडून तो आढ्याच्या दोरीला लोंबकळत असायचा. जवळ गेल्यावर कळायचं की आत माणूस नाही, सरकी आहे. लोटनची बायको तापीबाई म्हशीसाठी आणलेली सरकी त्याच्या डाव्या पायात भरून ठेवायची. उजव्या पायात भरता येत नव्हती, कारण उजव्या पोटरीवर तो पोशाख वीतभर फाटलेला होता. त्यामुळे एक पाय गलेलठ्ठ आणि दुसरा हडकुळा असं ते ध्यान दिसायचं.

"घरमा भूत टांगी ठेयेल शे," तापीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. उंदीर लागत नाहीत म्हणून त्या भुताचं कौतुकही तीच करायची. पोटरीला एक ठिगळ लावलं तर दोन्ही पाय कामाला येतील, असं तिने नवऱ्याला पन्नासदा सुचवलं असेल. लोटन तसा गरीब स्वभावाचा माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर फारसा न जाणारा. पण ठिगळाचं नाव काढलं की उठून नदीकडे चालू लागायचा. त्या फाटक्या जागेला त्याने मरेपर्यंत सुई लावू दिली नाही.

का लावू दिली नाही, त्याचीच ही हकीकत आहे.

सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला, तापीच्या काठी नावडी म्हणून गाव होतं. गावाच्या खालच्या टोकाला भोयांची वीस-पंचवीस घरं. पावसाळ्यात नाव चालवायची, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावायच्या, मधल्या दिवसांत मासे धरायचे, असा त्यांचा धंदा. हिलाल भोयाच्या घराला मात्र आणखी एक काम होतं. नदीने घेतलेलं परत आणायचं. कुणाची बुडालेली हंडी, कुणाचा चांदीचा तोडा. एकदा सारंगखेड्याच्या यात्रेला आलेल्या सौदागराचा घोडा घाटावर पाय घसरून डोहात गेला. घोडा वर आला, त्याचा चांदीने मढवलेला लगाम राहिला. तो हिलालने तिसऱ्या बुडीला काढून दिला. पण खरं काम होतं ते माणसांचं. तापीत कोणी बुडालं की दहा-दहा कोसांवरून बैलगाडी यायची ती हिलालच्या दारात. हिलाल गेल्यावर त्याच्या धाकट्या मुलाच्या, लोटनच्या दारात.

या कामाची एक रीत होती. भोयाने मेलेल्या माणसाला काठावर आणून ठेवलं की तो वर यायचा नाही. पुन्हा गुडघाभर पाण्यात जायचा आणि काठाकडे पाठ करून उभा राहायचा. मग मेलेल्याच्या घरातल्या कोणीतरी जाऊन त्याच्या खांद्यावर कोरडं धोतर टाकायचं. याला 'कोरडं देणं' म्हणत. भोई ते धोतर नेसून, मागे न बघता घरी जायचा. दुसरं काही घ्यायचा नाही. कोरडं मिळेपर्यंत तो मेलेला माणूस भोयाच्या पाठीवरच आहे, असं समजत. ओल्या अंगाने वर आला, तर तो मेलेल्याला पाठीवर घेऊनच घरी आला.

कळसाडीच्या शांतीलाल पाटलाचा भाऊ बुडाला तेव्हाची गोष्ट. गुजरांचं मोठं घर, उसाचे मळे, माणसांना तोटा नाही. पण तरणाताठा मुलगा गेलेला. रडण्याच्या कल्लोळात कोरडं द्यायचं सगळेच विसरले. प्रेत गाडीत घातलं, गाड्या गेल्या. लोटन पाण्यात उभाच. सकाळची दुपार झाली, डोकं तापून निघालं, पाय पांढरे पडले. त्याचा थोरला भाऊ धुडकू काठावरून ओरडून ओरडून दमला, "अरे, त्या गयात ना! ये वर!" लोटन हलला नाही. शेवटी सरणाजवळ शांतीलालला आठवण झाली. तो घोड्यावर बसून दौडत आला, आणि घाईत धोतर घ्यायचं राहिलं म्हणून स्वतःच्या अंगावरचं उपरणं काढून त्याने लोटनच्या खांद्यावर टाकलं. "लोटन, चुकलो," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून शांतीलाल नावडीच्या घाटावरून लोटनला हाक मारल्याशिवाय गेला नाही. असा हट्टी माणूस होता लोटन. बुडी मारण्यात वाघ आणि रीतीच्या बाबतीत दगड.

हिलालने त्याला लहानपणीच बजावलं होतं, "मेलं मानूस लेवाले जाशी तं कोरडा जाऊ नको. तापी कोरड्या मानूसले काही देत नई." म्हणून पाण्यात उतरायच्या आधी लोटन ओंजळीने पाणी घेऊन डोक्यावर, छातीवर, मांड्यांवर थापायचा. त्यात भक्ती होती, तशीच अक्कलही होती. ओल्या अंगाला पाण्याची बोली कळते. मांडीला गार धार लागली की खाली झरा आहे, पोटाला ओढ लागली की पुढे भोवरा आहे, पाठीला पाणी ऊबदार लागलं की काठ जवळ आहे. डोळे मिटूनही लोटनला कळायचं आपण कुठे आहोत ते. गढूळ पाण्यात डोळे तसेही कामाचे नसतात.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली नावडीजवळ पुलाचं काम सुरू झालं. मुंबईकडची एक कंपनी आली, पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, सातपुड्यातून मजूर आले. नदीच्या पात्रात पुलाचे पाय रोवायचे म्हणजे आधी विटा-सिमेंटची गोल विहीर बांधायची आणि तिच्या आतली वाळू उपसत उपसत तिला तिच्याच वजनाने खाली बसवायची. उपसायला तारेच्या दोराला टांगलेला लोखंडी जबडा होता. तो तोंड उघडून खाली जायचा आणि वाळूचा घास घेऊन वर यायचा. विहीर खाली जाई तसं आत पाणी भरत जाई. आत चाळीस हात काळंभोर पाणी, आणि पाण्याला हालचाल नाही.

भोयांना कंपनीत काम मिळालं. धुडकू नाव चालवून मजुरांना विहिरीपर्यंत न्यायचा. धुडकू म्हणजे लोटनच्या अगदी उलट. बडबड्या, हसरा, कुणाशीही दोस्ती करणारा. कंपनीच्या साहेबाचीसुद्धा नक्कल करून दाखवायचा, आणि साहेब हसायचा. मनगटात तांब्याचं जाड कडं घालायचा आणि बोलताना ते वल्ह्यावर आपटायचा. त्याला मूल नव्हतं. तो आणि त्याची बायको जसोदाबाई, दोघंच. लोटनपेक्षा तो आठ वर्षांनी मोठा. आई लवकर गेल्यामुळे लोटनला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं ते बापाने नव्हे, धुडकूने.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात, एका मंगळवारी सकाळी, तीन नंबरच्या विहिरीवर तारेचा दोर तुटला. धुडकू विहिरीच्या कठड्यावर बसून तंबाखू मळत होता. तुटलेल्या दोराचा फटकारा त्याला लागला आणि जबड्याच्या साखळीत गुंतून तो जबड्याबरोबरच खाली गेला. ओरडलाही नाही. मजुरांनी पाहिलं तेव्हा पाण्यावर त्याची टोपी फिरत होती.

लोटनला बोलावलं. त्याने पाणी अंगावर थापलं, पोटाशी दगड धरला आणि उतरला. वीस-बावीस हातांपर्यंतचा दम त्याच्याकडे होता. गावात तेवढा कुणाकडेच नव्हता. पण ही चाळीस हात खोल विहीर होती. त्या दिवशी तो सहा वेळा गेला. सहाव्या खेपेला दमाच्या पलीकडे जाऊन त्याने तळ गाठला, बोटांना लोखंड लागलं आणि छातीतला वारा संपला. वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं. बुधवारी पुन्हा तेच. ज्याने सगळ्या तालुक्याची माणसं नदीतून काढून दिली, त्याचा सख्खा भाऊ चाळीस हातांवर जबड्याखाली अडकलेला होता आणि त्याला तो आणता येत नव्हता.

भाऊबंदांनी सल्ला दिला, प्रेत मिळत नसेल तर गवताचा पुतळा करून जाळावा आणि पुढचे विधी उरकावेत. जसोदाबाईने ऐकून घेतलं. मग लोटनला बोलावून ती म्हणाली, "गवतना मानूस मी नई जाळनार, लोटनभाऊ. तुन्हा भाऊ तठे शे. माले तो पाहिजे."

लोटन मान खाली घालून उठला आणि थेट कंपनीच्या मिस्त्रीकडे गेला.

हा मिस्त्री काठेवाडच्या किनाऱ्यावरचा, कंपनीचा पाणबुड्या. पण दोन आठवड्यांपूर्वी पाण्याखाली त्याच्या कानाचा पडदा फाटला होता. चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात त्याला नेलं होतं आणि डॉक्टरांनी तीन महिने पाण्याला शिवू नकोस म्हणून सांगितलं होतं. मुंबईहून दुसरा पाणबुड्या यायला दहा दिवस होते. मिस्त्रीने कानातल्या कापसावर हात ठेवून लोटनचं बोलणं ऐकलं. साहेब तयार नव्हता, पण मिस्त्रीने हमी घेतली. मग त्याने एक लांबलचक पेटी उघडली.

आत दोन पोशाख होते. लोटनने ते लांबून पाहिले होते, हात कधी लावला नव्हता. दोन कापडांच्या मध्ये रबर, मनगटाला रबराच्या घट्ट पट्ट्या, गळ्याला तांब्याची कडी. वर तांब्याचं मुंडकं बसायचं, त्याला भिंगासारख्या खिडक्या. मुंडक्याला नळी, नळीतून वरचा पंप हवा देणार. छातीवर शिसं, पाठीवर शिसं, बुटांत शिसं. "पाणी आत येत नाही," मिस्त्री म्हणाला, "हात सोडले तर सगळा माणूस कोरडा."

तो शब्द लोटनच्या कानात अडकून बसला.

मिस्त्रीने पोशाख कसा निवडायचा ते त्याला समजावलं. तसं समजावणारा माणूस मिळणं हेच नशीब. त्याने आधी कापड दुमडून उन्हात धरलं. दुमडीवर बारीक चिरा दिसल्या तर रबर मेलं. मग वास घेतला. चिकट गोडसर वास आला तर रबर मरू घातलंय. लोटनला साबण लावून मनगटं पट्टीतून घालायला लावली आणि पट्टी व मनगटाच्या मध्ये बोट जातं का ते पाहिलं. पोशाख अंगात चढवून एक पाय ओट्यावर ठेवायला सांगितला. गळा खाली ओढला गेला तर पोशाख आखूड, काम करताना वाकता येणार नाही. मांड्यांशी कापडाचा बोंगा झाला तर पोशाख मोठा. मोठ्या पोशाखाचं भय वेगळं. वाकलं की हवा पायांत शिरते, पाय वर, डोकं खाली, आणि माणूस उलटा होऊन उसळतो. शेवटी त्याने दोन्ही पोशाखांत हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी फिरवलं.

एक पोशाख नवा होता, पण सहा फुटी माणसाच्या मापाचा. लोटन जेमतेम सव्वापाच फूट. तो त्यात हरवून जायचा. पण साबणाच्या पाण्याला त्यावर एकही बुडबुडा आला नाही. दुसरा जुना, मिस्त्रीच्या एका ठेंगण्या जोडीदाराचा. लोटनच्या अंगाला असा बसला की त्याच्यासाठीच शिवला असावा. खांद्यावर आणि मांडीशी ठिगळं होती, आणि दोन्ही ठिगळांच्या कडेने बारीक बारीक बुडबुडे येत होते.

"नया ले," मिस्त्री म्हणाला. "बडा है तो बांध लेंगे. फटा है उसको कौन बांधेगा?"

लोटनने जुना घेतला. अंगाला नीट बसतो, मला नव्यात हालता येणार नाही, असं त्याने मिस्त्रीला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण त्याने सांगितलं नाही. ते बुडबुडे पाहून त्याला बरं वाटलं होतं. हवा बाहेर येते म्हणजे पाणी आत जाईल. थोडं का होईना, तापीचं पाणी अंगाला लागेल. कोरड्या माणसाला तापी काही देत नाही. मिस्त्रीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा खांदे उडवले. पाण्यात जाणाऱ्याचा हट्ट मोडू नये, असं त्याच्याकडेही मानत असावेत.

गुरुवारी दुपारी लोटन उतरला. पंप फिरवायला सातपुड्यातले नवलसिंग आणि डोंगरसिंग हे दोन गडी, खुणेचा दोर मिस्त्रीच्या हातात. पहिल्या वीस हातांपर्यंत मांडीशी गार रेघ उतरली आणि लोटनला हायसं वाटलं. तीस हातांवर पाणी घोट्यांत साचलं. तळाला टेकला तेव्हा गुडघ्यापर्यंत भरलं होतं. तरी त्याने चाचपायला सुरुवात केली. आधी जबड्याचा दात लागला, मग साखळी, मग साखळीखाली एक हात. हाताच्या मनगटात कडं होतं.

लोटनने ते कडं धरलं. किती वेळ धरून राहिला, ते त्यालाही सांगता आलं नाही. मग भान येऊन साखळी सोडवायला लागला. गाठ अशी बसली होती की दोन्ही हातांनी ओढावं लागे. पाणी कमरेला आलं. पाय पखालीसारखे जड झाले. थंडीने बोटं वळेनात. पुढे सरकताना उजवी पोटरी जबड्याच्या दातावर घासली, फाटल्याचा हिसका बसला आणि पाणी भसकन आत आलं. छातीपर्यंत आलं. लोटनने पुन्हा एकदा कडं धरलं, सोडलं आणि दोर ओढला.

वर काढायला सहा माणसं लागली. मुंडकं उतरवलं तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला टेकलं होतं, आणि वैशाखाच्या उन्हात तो कुडकुडत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर एकाच विहिरीतून दोन भाऊ काढावे लागले असते. मिस्त्री शिव्या देत देत त्याच्या अंगावरचं शिसं सोडवत होता.

लोटन संध्याकाळपर्यंत वाळूत बसून राहिला. कोणी दिलेला चहा त्याने घेतला नाही. भाऊ हातात आला होता आणि त्याने सोडला होता. नदीने नाही अडवलं, जबड्याने नाही अडवलं, आपल्याच निवडीने अडवलं. हे त्याला चांगलं कळत होतं, आणि कळत असूनही नवा पोशाख घालायला मन घेत नव्हतं. कोरड्याने गेलं आणि कोरड्याने आलं तर कोरडं कशाचं घ्यायचं? आणि कोरडं घेतलं नाही तर धुडकूची सुटका कशी व्हायची? जन्मभर पाठीवर राहील. या विचारापुढे त्याची अक्कल चालेना.

सकाळी जसोदाबाई आली आणि त्याच्या समोर वाळूत बसली. लोटन तिच्याकडे न बघता बोलला.

"मी जुना घाल्या, वहिनी. त्यामा पानी येस, हाई माले माहीत व्हतं. जानीसन घाल्या."

"कसाले?"

"आबा सांगी ग्यात. मेलं लेवाले कोरडं जावानं नई."

जसोदाबाईला रागावण्याचा हक्क होता आणि राग तिच्या तोंडावर आलाही होता. मग ती म्हणाली, "आबानी ते पोहनाराले सांगेल व्हतं. आबानी हाऊ तांबाना हंडा कधी देखेल व्हता का? तू कोरडा जाय. कोरडाच ये. पन त्याले लई ये."

"मंग धोतर कसं लिसू, वहिनी?"

"ते मी देखी लिसू," ती उठत म्हणाली. "तू तुन्हं काम कर."

मिस्त्रीकडून तिने एक गोष्ट विचारून घेतली. आत काय घालतात? मिस्त्री म्हणाला, लोकर. कोरड्या पोशाखाला ऊब नसते, ऊब आतल्या लोकरीची. त्याची बंडी लोटनला पुरणारी नव्हती, कारण मिस्त्री काडीसारखा किडकिडीत आणि लोटनची छाती नावेसारखी. जसोदाबाई घरी गेली, धुडकूची काळी घोंगडी काढली, विळ्याने कापली आणि दाभणाने शिवून तासाभरात बिनबाह्यांची एक ओबडधोबड बंडी घेऊन आली. लोटनने ती अंगात घातली. घोंगडीला भावाच्या तंबाखूचा वास होता.

त्याने नवा पोशाख घातला. सवयीने ओंजळ भरायला वाकला तसा मिस्त्रीने त्याचा हात धरला, कारण आत ओली लोकर गेली की थंडी गेलीच आत. लोटनने ओंजळ सोडून दिली. मिस्त्रीने मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, चारही ठिकाणी सुती दोराने जादा कापड आवळून बांधलं. दोन-दोनदा ओढून पाहिलं. "झुकना मत, बैठना," तो म्हणाला. वाकू नकोस, बस.

या खेपेला काहीच लागलं नाही. ना गार धार, ना ओढ. सगळीकडे तापी होती आणि तिचा एक थेंब अंगाला शिवत नव्हता. कानात नुसता पंपाचा फसफस आवाज. इतकं परकं त्याला नदीत कधीच वाटलं नव्हतं. तो घाबरला, हे त्याने पुढे कबूल केलं. आपण कुठे आहोत ते त्याला कळेना. तेव्हा त्याला हात आठवले. मनगटाच्या पट्टीबाहेर दोन उघडे हात होते, आणि ते ओले होते. त्याने विहिरीच्या भिंतीला तळवा लावला आणि भिंतीच्या धरानेच खाली गेला.

तळाशी गेल्यावर तो गुडघ्यांवर बसला. एकदा विसरून वाकला तशी पायांकडे हवा पळाली आणि टाचा उचलल्या गेल्या, पण दोर आवळलेले होते. तो पुन्हा बसला. साखळीची गाठ सोडवायला वेळ लागला. वेळ त्याच्याकडे होता आणि बोटंही चालत होती. गाठ सुटली. मग त्याने धुडकूला दोन्ही हातांनी धरून जबड्याखालून ओढलं, काखांखालून दोर घेतला, आणि वर द्यायच्या आधी त्याचं डोकं आपल्या तांब्याच्या डोक्याला टेकवलं. मग दोर तीनदा ओढला.

काठावर सगळं गाव होतं. कळसाडीहून शांतीलाल आला होता. धुडकूला नावेतून आणून वाळूत ठेवलं, वर चादर घातली. जसोदाबाई त्याच्याजवळ बसली. तिने चादरीखालून त्याचा कड्याचा हात तेवढा बाहेर काढला आणि मांडीवर घेतला.

लोटनचं मुंडकं उतरवलं, शिसं उतरवलं, पोशाख सोलून काढला. आत तो कोरडा होता. त्याने घोंगडीची बंडी काढून घडी घालून ठेवली आणि सवयीप्रमाणे गुडघाभर पाण्यात जाऊन काठाकडे पाठ करून उभा राहिला.

काठावर कोणी हललं नाही. पाहणाऱ्यांना दिसत होतं, पाठ कोरडी, केस कोरडे, खांदे कोरडे. कोरड्या माणसाला कोरडं कसं द्यायचं? म्हातारेसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. शांतीलाल दोन पावलं पुढे आला आणि थांबला. लोटनला हे सगळं न बघता कळत होतं. आता भाऊ पाठीवरच राहणार, असं त्याच्या मनाने धरलं होतं.

मग मागे पाण्यात पावलं वाजली. जसोदाबाई होती. एका हातात घागर, काखेत धुडकूचं धुतलेलं धोतर. तिने घागर तापीत बुडवली, भरली, आणि दोन्ही हातांनी उचलून लोटनच्या डोक्यावर ओतली. पुन्हा बुडवली. खांद्यांवर ओतली. तिसरी पाठीवर ओतली, त्याच पाठीवर जिच्यावर आजवर किती घरांची माणसं येऊन उतरली होती. पाणी डोळ्यांवरून ओघळलं तसा लोटन रडायला लागला. लहानपणी रडायचा तसा, मोठ्याने, लाज न बाळगता.

जसोदाबाईने घागर पाण्यात सोडून दिली आणि धोतर त्याच्या खांद्यावर टाकलं.

"आते तू वला शेस," ती म्हणाली. "आते ले."

लोटनने धोतर नेसलं आणि मागे न बघता घरी गेला. पण भावाला खांदा द्यायचा होता, म्हणून मागच्या वाटेने परत आला.

पूल पुढे झाला. मुंबईचा पाणबुड्या आला तो महिनाभरात तापाने परत गेला, आणि कंपनीने लोटनलाच ठेवून घेतलं. काम संपेपर्यंत पाच वर्षं तो नवाच पोशाख घालायचा, चार ठिकाणी दोर आवळून. जुना त्याने साहेबाकडून मागून घेतला आणि फाटक्या पोटरीसकट ओसरीत टांगला, भाऊ हातातून कशामुळे सुटला ते रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणून.

त्यानंतर त्या पट्ट्यात कुणी बुडालं आणि लोटन पोशाख घालून उतरला, की मेलेल्याच्या घरची माणसं काठावर दोन वस्तू घेऊन उभी राहू लागली. एका हातात कोरडं धोतर, आणि दुसऱ्या हातात भरलेली घागर.